लघवीत जंतू निघाले, त्रास मात्र काहीच नाही: गोळ्या घ्यायच्या का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई ५७ वर्षांच्या, शाळेत शिकवतात, पाळी जाऊन सहा-सात वर्षं झाली. वर्षभरात चार वेळा उन्हाळी लागली आणि चारही वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. गेल्या महिन्यात नेहमीच्या तपासणीत, काहीही त्रास नसताना, युरिन कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ई. कोलाय हे आतड्यात राहणारे जिवाणू ‘मिलिलिटरमागे एक लाखाहून जास्त’ निघाले आणि पाचवा कोर्स लिहून मिळाला. तो त्यांनी अजून सुरू केलेला नाही, कारण मूत्राशयात चांगले जिवाणूही राहतात असं त्यांच्या वाचनात आलं. हे खरं आहे का? असेल तर लघवी निर्जंतुक असते असं आम्हाला का शिकवलं? दही, प्रोबायोटिक, क्रॅनबेरी यांनी काही होतं का? आणि घरी ८३ वर्षांच्या सासूबाईंना कायमचा कॅथेटर (लघवीची नळी) आहे, त्यांची लघवी गढूळ दिसते, तीही तपासून घ्यावी का?

ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. गेली चोवीस वर्षं एका जिल्ह्याच्या गावी लॅबमध्ये याच प्लेटा बघते आणि तुमच्या हातात आहे तसल्याच रिपोर्टवर सही करते. त्यामुळे पहिली कबुली माझीच. त्यातली निम्मी वर्षं मी ‘नो ग्रोथ’ या शब्दांचा अर्थ ‘मूत्राशय स्वच्छ, आत कोणी नाही’ असा धरून चालले होते. तो अर्थ चुकीचा होता. आम्ही ज्या पद्धतीने शोधलं, त्या पद्धतीने काही सापडलं नाही, एवढंच ते शब्द सांगतात.

तुमच्या पाचव्या कोर्सबद्दल आधी बोलते. तो घेऊ नका असं मी तुम्हाला न तपासता सांगणार नाही. पण ज्यांनी लिहून दिला त्यांच्याकडे परत जा आणि सरळ विचारा: मला जळजळ नाही, ताप नाही, मी गरोदर असण्याचा प्रश्न नाही, मूत्रमार्गाचं कुठलं ऑपरेशन ठरलेलं नाही, मग ही गोळी कशासाठी? जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्रास नसताना लघवीतल्या जंतूंवर उपचार करायची ठळक कारणं दोनच: गर्भारपण, आणि मूत्रमार्गाच्या आतलं अस्तर दुखावेल अशी शस्त्रक्रिया. (किडनी नुकतीच बदललेली असणं वगैरे विशेष प्रसंग वेगळे.) मधुमेह आहे म्हणून, वय झालं म्हणून, आकडा मोठा आहे म्हणून, लघवीला वास येतो म्हणून – ही कारणं त्यात बसत नाहीत.

आता तो आकडा येतो कुठून ते बघा, म्हणजे त्याची भीती जरा कमी होईल.

तुमची बाटली लॅबमध्ये आली की टेक्निशियन ती हलवते आणि बारीक तारेचं एक कडं त्यात बुडवते. याला आम्ही लूप म्हणतो. त्या कड्यात एक मायक्रोलिटर लघवी मावते, म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब म्हणा. तो सीएलईडी नावाच्या हिरवट-निळसर जेलीवर रेघा ओढून पसरायचा, प्लेट साधारण ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायची. ई. कोलाय असेल तर प्लेट रात्रीतून पिवळी पडलेली असते आणि वर पिवळे, ओलसर, फुगीर ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेका जिवाणूपासून वाढलेली वसाहत. शंभर ठिपके मोजले की गुणिले हजार, झाले एक लाख.

या पद्धतीला फटी आहेत. एका मिलिलिटरमध्ये पाचशेच जिवाणू असतील तर कड्यात सरासरीने अर्धा येणार, म्हणजे बहुधा एकही नाही. दुसरं असं की आमची प्लेट साध्या हवेत, जेमतेम एक रात्र वाढते. ई. कोलाय अशा ठिकाणी बेभान वाढतो. लॅक्टोबॅसिलससारख्या (आंबटपणा तयार करणाऱ्या जिवाणूंच्या) मंडळींना मात्र जास्त कार्बन डायऑक्साइड लागतो, निराळं खाद्य लागतं, दोन-दोन दिवस लागतात. काहींना तर ऑक्सिजनच सोसत नाही. ते रात्रीत उगवत नाहीत, आणि उगवले तर इतके बारीक की आम्ही त्यांना ‘बाहेरून आलेली भेसळ’ समजून सोडून देतो. ई. कोलाय पकडायला बनवलेल्या जाळ्यात ई. कोलायच सापडतो, आणि आम्ही म्हणत राहिलो, या तळ्यात दुसरा मासाच नाही.

‘लघवी निर्जंतुक’ ही समजूत जुनी आहे. १८६० च्या दशकात लुई पाश्चरने ताजी लघवी बंद काचपात्रात ठेवून ती नासत नाही हे दाखवलं. त्याला मूत्राशयाचा अभ्यास करायचाच नव्हता. जीव आपोआप निर्माण होत नाही, हे त्याला सिद्ध करायचं होतं. पुढे १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कॅस यांनी मूत्रपिंडाला सूज आलेल्या स्त्रिया आणि काहीच त्रास नसलेल्या स्त्रिया यांच्या लघवीतले जिवाणू मोजले आणि खरा संसर्ग व वाटेतली भेसळ वेगळी काढायला मिलिलिटरमागे एक लाख ही रेघ आखली. त्यांच्या कामापुरती ती उपयोगी होती. पण रेघेची भिंत झाली. एक लाखाच्या वर म्हणजे आजार, खाली म्हणजे काही नाही, असं आम्हीही पाठ केलं. खरं तर १९८२ सालीच वॉल्टर स्टॅम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की लघवीला जळजळ होणाऱ्या तरुण स्त्रीत ई. कोलाय मिलिलिटरला शंभर असले तरी ते खरे दोषी असू शकतात. म्हणजे शंभर असून आजार, आणि लाख असून आजार नाही, दोन्ही शक्य आहे. आकडा एकटा काहीच सांगत नाही.

ही समजूत इतकी घट्ट होती, की २००७ साली अमेरिकेत मानवी शरीरावरच्या सूक्ष्मजीवांची मोठी मोजणी सुरू झाली तेव्हा नाक, तोंड, त्वचा, आतडी, योनीमार्ग सगळं यादीत होतं; मूत्राशय नव्हतं.

मग शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठात अ‍ॅलन वुल्फ आणि लिंडा ब्रुबेकर यांच्या गटाने नीट खोदकाम केलं. २०१२ साली त्यांनी स्त्रियांच्या मूत्राशयातून थेट, म्हणजे कॅथेटरने आणि पोटाच्या भिंतीतून सुईनेही, लघवी घेतली आणि तिच्यात जिवाणूंचा डीएनए दाखवला. लोक म्हणाले, डीएनए काय, मेलेल्यांचाही असतो. त्यावर २०१४ साली त्यांनी जिवंत जिवाणू वाढवून दाखवले. केलं काय, तर आमच्या कड्याच्या शंभरपट लघवी घेतली, वेगवेगळ्या जेली आणि वेगवेगळी हवा दिली, आणि ४८ तास थांबले. कॅथेटरने घेतलेल्या ६५ नमुन्यांपैकी ५२ मध्ये जिवाणू वाढले. त्या ५२ पैकी ४८ नमुन्यांचा नेहमीच्या पद्धतीचा रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ होता. हा निबंध वाचला त्या संध्याकाळी मी आमच्या कपाटातल्या जुन्या रजिस्टरकडे बराच वेळ बघत बसले होते.

तर हो, तुम्ही वाचलं ते खरं आहे. मूत्राशयात लोक राहतात. पण आतड्यातल्यासारखी खचाखच वस्ती नाही, माळरानावर विखुरलेली चार घरं असावीत तशी. बऱ्याच स्त्रियांत लॅक्टोबॅसिलस प्रमुख असतो, काहींत गार्डनरेला, काहींत स्ट्रेप्टोकॉकस, कोरिनेबॅक्टेरियम वगैरे. शेजारच्या योनीमार्गातल्या वस्तीशी त्यांचं नातं फार जवळचं; पुढच्या अभ्यासात एकाच स्त्रीच्या दोन्ही ठिकाणी जवळजवळ तेच जिवाणू सापडले. म्हणून मूत्राशयाचं आरोग्य म्हटलं की मी नेहमी शेजाराची चौकशी आधी करते.

हे लॅक्टोबॅसिलस करतात काय? विरजण लावलेलं दूध आठवा. नुसतं दूध उन्हाळ्यात दुपारपर्यंत नासतं, दही टिकतं. दह्यातल्या जंतूंनी आंबटपणा वाढवून जागा अशी करून ठेवलेली असते की दुसऱ्याला तिथे रुजणं अवघड. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस हेच करतात: लॅक्टिक आम्ल तयार करतात, पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) साडेचारच्या खाली ठेवतात, आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशी ई. कोलायला वस्ती करू देत नाहीत. मूत्राशयाच्या आत ते नेमकं किती राखण करतात, याचा पुरावा अजून कोवळा आहे. घाईची लघवी लागून कपड्यात होणाऱ्या स्त्रियांमध्ये गार्डनरेला जास्त आणि लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस कमी दिसला, पण त्यामुळेच घाई होते असं कुणी सिद्ध केलेलं नाही. ‘मूत्राशयातले चांगले जंतू वाढवा’ म्हणून जाहिराती सुरू झाल्या आहेत. त्या विज्ञानाच्या बऱ्याच पुढे धावताहेत.

आता ई. कोलाय. त्याचं घर आतडं. तिथून मूत्रमार्गाच्या तोंडाशी येणं स्त्रियांत सोपं, कारण स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा वीसच्या आसपास. मूत्राशयात पोचला की त्याच्या अंगावरचे केसासारखे धागे अस्तराच्या पेशींवरच्या मॅनोज नावाच्या साखरेला चिकटतात. आपलं शरीर गप्प बसत नाही. मूत्रपिंडातून युरोमॉड्युलिन नावाचं प्रथिन लघवीत येतं, त्यावरही तीच साखर असते, ई. कोलाय त्यालाच चिकटून वाहून जातो. अस्तराची वरची पेशी तर जंतूंसकट गळून पडते. पण काही जंतू त्याआधी पेशीच्या आत शिरतात, तिथे गुच्छ करून वाढतात, आणि काही खालच्या थरात आठवडेच्या आठवडे निजून राहतात. उंदरांमध्ये हे स्पष्ट दिसलं आहे. ‘कल्चर स्वच्छ आलं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तोच जंतू’ हे कोडं त्यातून बरंचसं सुटतं.

यावर २०१७ साली सेंट लुइसमध्ये झालेला प्रयोग मला फार बोलका वाटतो. ज्या उंदरांच्या मूत्राशयात ई. कोलाय असे निजलेले होते, त्यांच्या मूत्राशयात गार्डनरेला सोडला. तो तिथे टिकलाही नाही, काही तासांत निघून गेला. पण जाता जाता अस्तर खरवडून गेला, आणि निजलेले ई. कोलाय जागे होऊन संसर्ग परत उसळला. रिपोर्टवर नाव ई. कोलायचं येणार, काडी लावणारा तोवर पसार.

मग प्रत्येक वेळी सगळं मारून का टाकू नये? इटलीत टोमासो काई आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली नेमकं तुमच्यासारख्यांवर काम केलं (त्या वयाने तरुण होत्या, एवढा फरक): वारंवार संसर्ग होणाऱ्या, पण त्या घडीला त्रास नसताना लघवीत जंतू निघालेल्या स्त्रिया. निम्म्यांना अँटिबायोटिक दिलं, निम्म्यांना नाही. वर्षाने बघितलं तर उपचार न केलेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांना पुन्हा संसर्ग झाला होता; उपचार केलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना. हे आकडे मी दोनदा वाचले होते, तुम्हीही वाचा. त्रास न देणारा जंतू काढला आणि त्रास देणाऱ्याला जागा करून दिली. शेत नांगरून उघडं ठेवलं की आधी ज्वारी येत नाही, गाजरगवत येतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

स्वीडनमध्ये तर याच्याही पुढे गेले. तीन वर्षं लघवीत ई. कोलाय बाळगूनही ठणठणीत असलेल्या एका शाळकरी मुलीच्या नमुन्यातून मिळालेला निरुपद्रवी वाण त्यांनी वारंवार संसर्ग होणाऱ्या, मूत्राशय पूर्ण रिकामं न होणाऱ्या रुग्णांच्या मूत्राशयात मुद्दाम सोडला. तो वाण नांदत होता तोवर त्रासदायक संसर्ग कमी झाले. हा उपचार तुमच्या-माझ्या गावात मिळत नाही आणि मी सुचवतही नाही. पण तुमच्या रिपोर्टवरचा ‘ई. कोलाय’ हा शत्रूच असेल असं नाही, एवढं यावरून धरून चाला.

रिपोर्टवर विश्वास ठेवण्याआधी आणखी एक गोष्ट: बाटली किती वेळ कुठे पडून होती? आमचीच गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका कलेक्शन सेंटरवरून येणारे नमुने ‘एक लाखाच्या वर’ निघायला लागले, एका आठवड्यात अकरा. मला संशय आला म्हणून चौकशी केली, तर आणणारा मुलगा सकाळी नऊला नमुने गोळा करायचा आणि स्कूटरच्या डिकीत ठेवून गावभर हिंडून दोनला पोचायचा. बर्फाची पेटी त्याला जड व्हायची. हिशेब करून बघा: ई. कोलाय उबेत अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं तर पाच तासांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे १,०२४ पट. बाटलीत शिरताना शंभर होते ते टेबलावर येईपर्यंत एक लाखाच्या वर. त्या अकरा जणांना फोन करून मी नमुने परत घेतले. आठ रिपोर्ट बदलले. तोवर दोघींचे कोर्स अर्धे झाले होते.

तेव्हा पुढच्या वेळी, म्हणजे खरंच त्रास होईल तेव्हा, नमुना असा द्या. बाहेरची जागा साध्या पाण्याने धुवा, बोटांनी कडा बाजूला धरा, पहिली धार सोडून द्या, मधली थेट निर्जंतुक बाटलीत घ्या. घरच्या जॅमच्या बाटलीत नको. तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. आणि गोळीचा पहिला डोस घेण्याआधी द्या. रिपोर्टमध्ये दोन-तीन प्रकारचे जंतू एकत्र निघाले किंवा ‘एपिथेलियल सेल्स’ (अस्तराच्या गळलेल्या पेशी) भरपूर असतील तर ती बहुधा वाटेतली भेसळ. नुसता एन्टेरोकॉकस (आतड्यातलाच आणखी एक जिवाणू) निघाला तरी स्त्रियांच्या मधल्या धारेत तो अनेकदा मूत्राशयातला नसतो. ‘पस सेल्स’ (पांढऱ्या पेशी) थोड्या जास्त असणं हेही एकट्याने संसर्गाचं लक्षण नव्हे. तुमच्या वयात तर नाहीच.

आता मुद्द्याचं. तुम्हाला वर्षात चारदा उन्हाळी का लागली? पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं, त्यातली ग्लायकोजेन नावाची साखर घटते, आणि तिच्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस निघून जातात. आंबटपणा गेला की आतड्यातली मंडळी तिथे ठाण मांडतात. १९९३ साली राझ आणि स्टॅम यांनी अशा ९३ स्त्रियांवर योनीमार्गात लावायच्या इस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीमचा प्रयोग केला. क्रीम लावणाऱ्यांना वर्षाकाठी सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, औषध नसलेलं नुसतं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. महिन्याभरात क्रीमवाल्या ६१ टक्के स्त्रियांत लॅक्टोबॅसिलस परत आले, दुसऱ्या गटात एकीतही नाही. लॅक्टोबॅसिलस बाहेरून कुणी नेऊन ठेवले नव्हते. फक्त जमीन परत तयार केली, ते आपापले आले.

आमच्याकडे या क्रीमचं नाव काढलं की बायका दचकतात, ‘हार्मोन नको गं बाई’. योनीमार्गात लावलेलं थोडंसं इस्ट्रोजेन रक्तात फारच कमी जातं. पोटात घेण्याच्या गोळ्यांशी त्याची बरोबरी करू नका. मात्र स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा पाळी गेल्यानंतर कधी रक्त गेलं असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना ते सांगा. तुमच्या जागी मी असते तर पाचव्या कोर्सऐवजी याच क्रीमबद्दल विचारायला गेले असते. तिथेच आणखी दोन गोष्टी बघून घ्या: अंग खाली सरकलंय का, आणि लघवी करून झाल्यावर आत किती उरते. दुसरी सोनोग्राफीत पाच मिनिटांत कळते. साचलेलं पाणी हे कुठल्याही जंतूला चांगलंच. मधुमेह आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. असेल आणि ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणाऱ्या नावाची गोळी सुरू असेल तर तिच्यामुळे लघवीतून साखर जाते आणि बाहेरच्या भागाला बुरशी होऊन जळजळ होते. ती उन्हाळी नव्हे आणि अँटिबायोटिकने वाढते.

दही खा, खुशाल खा, पण मूत्राशयासाठी म्हणून नको. विरजणातले लॅक्टोबॅसिलस वेगळ्या जातीचे, दुधात रमणारे. योनीमार्गात आणि मूत्राशयात राहणारे क्रिस्पॅटस, जेन्सेनी, गॅसेरी ही निराळी मंडळी. आडनाव एक म्हणून भाऊबंद समजायचं कारण नाही. औषधाच्या दुकानातल्या प्रोबायोटिक कॅप्सूलचंही तेच. बहुतेकींत हे जिवाणू नसतातच. २०११ साली क्रिस्पॅटसच्याच योनीमार्गात ठेवायच्या कॅप्सूलचा छोटा प्रयोग अमेरिकेत झाला. शंभर स्त्रियांत पुन्हा संसर्ग १५ टक्के विरुद्ध २७ टक्के निघाला. आशा वाटावी असा निकाल, पण आपल्या दुकानातली कॅप्सूल ती नव्हे. क्रॅनबेरीने वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत थोडा फायदा दिसतो, साधारण पाव हिश्श्याने कमी. परवडत असेल तर घ्या, साखर घातलेलं सरबत नको. डी-मॅनोजची पुडी तर्काने फार सुंदर वाटते, वर सांगितलेल्या चिकटण्याच्या कारणामुळे, आणि मीही पूर्वी सुचवायचे. २०२४ साली ब्रिटनमधल्या सुमारे सहाशे स्त्रियांवरच्या प्रयोगात तिचा उपयोग दिसला नाही. आता सुचवत नाही.

स्वस्त उपाय पाण्याचा, आणि तो सिद्ध झालेला आहे. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० तरुण स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी वाढवायला सांगितलं. वर्षात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. धने-जिऱ्याचं पाणी, जवाचं पाणी, पातळ ताक यांतूनही पाणीच पोटात जातं, तेव्हा आजीचं बरोबर होतं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. आणि शिक्षिकांबद्दल मला एक माहीत आहे: शाळेतलं स्वच्छतागृह नको म्हणून तुम्ही सकाळी चहाच्या अर्ध्या कपावर निघता आणि दुपारी दोनपर्यंत तशाच उभ्या राहता. मुंबईत २०११ च्या सुमारास बायकांच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली ती काही हौसेने नव्हे. मुख्याध्यापकांशी भांडा. आतून धुणं, अँटिसेप्टिक घालून धुणं, सुगंधी वॉश हे सगळं मात्र बंद. उरलेसुरले लॅक्टोबॅसिलस त्यातच जातात.

आणि पुन्हा खरोखर त्रास झाला – जळजळ, सारखं सारखं जावंसं वाटणं, थेंब थेंब, ओटीपोटात दुखणं – तर मागच्या चिठ्ठीवरची गोळी परस्पर आणू नका. सेन्सिटिव्हिटीच्या (कुठलं औषध चालेल ते बघायच्या) प्लेटवर आम्ही औषधाच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतो. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल वर्तुळ राहतं. आमच्याकडच्या बहुतेक प्लेटांवर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला जंतू अगदी कडेपर्यंत खेटून वाढलेले असतात, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या अहवालांतही ई. कोलायचं चित्र असंच आहे. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन यांची वर्तुळं अजून चांगली मोठी दिसतात. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात पहिलं पाच दिवस, दुसरं तीन ग्रॅमचा एकच डोस, एवढ्यात काम होतं, आणि ही दोन्ही आतड्यातल्या बाकीच्या वस्तीला कमी धक्का देतात. किडनीचं काम कमी असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन चालत नाही, म्हणून तेही डॉक्टरांनीच ठरवायचं. कोर्स संपून बरं वाटत असेल तर ‘जंतू गेले का’ म्हणून पुन्हा कल्चर करू नका. आमच्या धंद्याच्या विरोधात बोलतेय, पण करू नका.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या – हे झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. लघवीतून न दुखता रक्त गेलं तर, एकदाच गेलं तरी, यूरोलॉजिस्टना दाखवायचंच. ते संसर्गाच्या नावावर खपवू नका.

आता सासूबाई. कायमचा कॅथेटर महिनाभर राहिला की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतात, नळीच्या आतल्या बाजूला त्यांचा चिकट थर बसतो. त्यामुळे गढूळपणा, वास, पस सेल्स यांसाठी तपासणी करायची नाही; केली तर काहीतरी निघणारच आणि कुणीतरी गोळ्या देणारच. कधी पिशवी जांभळी झालेली दिसली तर घाबरू नका. बद्धकोष्ठ असलेल्या म्हाताऱ्या बायकांत काही जिवाणूंच्या रसायनामुळे तसं होतं. पोट साफ राहील एवढं बघा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली ठेवा, पण जमिनीला टेकू देऊ नका, आणि नळीचा जोड उगाच सोडू नका. ताप आला, थंडी वाजली, ओटीपोट दुखू लागलं किंवा तापाबरोबर बोलण्यात भ्रम झाला तर मात्र लगेच डॉक्टरांना बोलवा. तेव्हा आधी जुना कॅथेटर बदलायला सांगा आणि नव्या नळीतून येणारी ताजी लघवी तपासायला द्या. पिशवीतली ओतून बाटलीत भरू नका. तसा नमुना आमच्याकडे आला की मी तो परतच पाठवते.